डावीकडे सहा, उजवीकडे सहा

माझ्या नोकरीत मला एकदाच मनापासून टाळ्या मिळाल्या आहेत. हिंजवडीतल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, अकरा माणसांनी वाजवलेल्या. त्या अकरांत एक बाई होत्या आणि ज्या कामासाठी त्या टाळ्या होत्या, त्याच कामाने त्यांची नोकरी घालवली. त्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या. हे विसरायचा मी भरपूर प्रयत्न केला, जमलेला नाही.

सगळा मजला त्यांना ‘मॅडम’ म्हणायचा. आमच्याकडे साहेबाच्या साहेबालाही नावाने हाक मारतात, तसा फतवाच आहे. पण त्यांना नावाने हाक मारायला कुणाची जीभ रेटली नाही. पद मोठं होतं म्हणून नव्हे. पद यथातथाच होतं. सतरा वर्षं एकाच प्रोजेक्टवर, खिडकीपासून तिसरी जागा. सकाळी कोथरूडहून कंपनीच्या बसने यायचं, संध्याकाळी सव्वापाचच्या बसने परत. सव्वापाच म्हणजे सव्वापाच. मीटिंग चालू असो, परदेशातला ग्राहक स्क्रीनवर बोलत असो, पाच वाजून पाच मिनिटांनी मॅडम डबा पिशवीत टाकायच्या, ‘निघते हं’ म्हणायच्या आणि निघायच्या. आम्ही मागे हसायचो. ‘सरकारी कचेरी’ हे नाव त्यांना मीच ठेवलं होतं. त्याचं श्रेय दुसऱ्या कुणाला देत नाही.

आमचा ग्राहक म्हणजे परदेशातली एक विमा कंपनी. तिच्या पॉलिसींचा कारभार सांभाळणारा प्रोग्राम आमच्याकडे. तो फार जुना, आणि ज्याने कुणी तो रचला त्याला शिस्तीची भारी हौस होती. प्रोग्राममध्ये माहिती ठेवायला डबे असतात असं समजा. कुठल्या डब्यात काय ठेवायचं ते आधी जाहीर करायचं असतं: यात फक्त डाळ, यात फक्त साखर. मग कुणी साखरेच्या डब्यात मीठ ओतायला गेलं की कंपायलर नावाचा तपासनीस तिथल्या तिथे हात धरतो. कल्पना उत्तम आहे. पण आमच्या त्या पूर्वजाने एकेका डब्याला सहा-सहा चिठ्ठ्या लावल्या होत्या. पॉलिसी कुठली, ती घेणारा कुठला, दावा कुठला, हप्ता कुठला, परतावा कुठला, देश कुठला. टोकदार कंसात, स्वल्पविराम देत, याच क्रमाने सहा नावं. बरं, एकदा लिहून भागत नसे. ओळीच्या डावीकडे सहा, उजवीकडे पुन्हा तीच सहा. एका क्लासपासून, म्हणजे डब्यांच्या एका साच्यापासून, दुसरा क्लास काढला की त्याच्या माथ्यावर सहा आणि ज्याच्यापासून काढला त्याच्या नावापुढेही सहा. नवी पॉलिसी निघाली की दोनशेच्या वर फायली उघडायच्या आणि प्रत्येकीत ही सहा नावांची आरती म्हणायची.

या कामाला आम्ही ‘डिक्लेरेशन’ म्हणत असू. एका पॉलिसीला बारा दिवस, असं कागदावर ठरलेलं होतं. हे काम मॅडमचं.

कॉलेजातून नुकताच बाहेर पडून मी इथे आलो, तेव्हा मलाही त्याच कामाला जुंपलं होतं. मॅडम, एक मध्यमवयीन गृहस्थ जे पुढे दुसरीकडे गेले, आणि आम्ही दोघे नवे. माझं घर हडपसरला, म्हणजे शहराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलून, उभ्याने, घामेजून यायचं, ते कशासाठी, तर डावीकडे सहा, उजवीकडे सहा लिहायला. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जे काही शिकलो त्यातलं इथे काहीच लागत नव्हतं. मला त्या कामाची किळस यायची, आणि खरं सांगायचं तर ते काम वर्षानुवर्षं मुकाट्याने करणाऱ्या बाईंचीही थोडी कीव यायची.

मॅडमकडे एक पारदर्शक पट्टी होती, शाळेच्या कंपासपेटीत असते तशी, सहा इंची. मी लिहिलेली फाइल त्या स्क्रीनवर उघडायच्या, पट्टी एका ओळीखाली धरायच्या आणि ओठ हलवत सहा नावं वाचायच्या. मग पट्टी एक ओळ खाली. संगणकाच्या स्क्रीनवर पट्टी! आम्ही दोघे नवे एकमेकांना कोपराने ढोसायचो.

एकदा ती पट्टी मध्येच थांबली.

‘हे काय? परतावा आधी आणि हप्ता नंतर?’

‘कंपायलर काही बोलला नाही, मॅडम.’

‘तो नाहीच बोलणार. त्याच्या लेखी दोन्ही रकमाच. पॉलिसीवाला पैसे देतोय की घेतोय, हे त्याला कुठून कळणार? ते आपल्याला कळायला हवं.’

मी तशा एकोणीस फायली करून ठेवल्या होत्या. माझं तोंड उतरलं असणार, कारण त्यांनी पुढे काही विचारलं नाही. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि पट्टी धरून एकोणीसच्या एकोणीस फायली माझ्याकडून नीट करून घेतल्या. वर कुणाला कळवलं नाही. पाच वाजून पाच मिनिटं झाल्यावर ‘निघते हं’. मी आभार मानले की नाही ते आठवत नाही. मानले नसावेत.

ते वर्ष कंपनीला वाईट गेलं. नव्यांना पक्कं करायच्या आधी चाळणी लागत होती. शेजारच्या प्रोजेक्टमधल्या माझ्याच बॅचच्या मुलांना एकेकाला खाली बोलावून घेत, आणि ती परत यायची ती गळ्यात ओळखपत्र नसलेली, सोबत सिक्युरिटीचा माणूस, फक्त बॅग उचलायला. आम्हा दोघांना कुणी बोलावलं नाही. मला पक्कं केल्याचं पत्र आलं तेव्हा आईने आळीत पेढे वाटले. मी समजलो, माझी हुशारी कुणाच्या तरी नजरेत भरली.

मग मी त्या कामातून सुटलो, दुसऱ्या विभागात गेलो, बोलायला शिकलो, बोलता येणाऱ्या माणसाला जे मिळतं ते मिळवत वर चढलो. आठ वर्षांनी त्याच प्रोजेक्टवर परत आलो तो आर्किटेक्ट, म्हणजे प्रोग्रामची रचना ठरवणारा, होऊन. पोरं आता माझ्याकडे शंका विचारायला यायची. डिक्लेरेशनवर तेव्हा एकट्या मॅडमच उरल्या होत्या. तीच जागा, तीच पट्टी, तोच सव्वापाचचा हट्ट. केस पांढरे झाले होते एवढंच.

त्या सहा नावांवर माझी जुनी खुन्नस होती. मला कुणी काही सांगितलं नव्हतं, ग्राहकाची तक्रार नव्हती, बारा दिवस सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. मीच आपणहून बसलो. तीन आठवडे इतर कामं सांभाळून त्यावर डोकं चालवलं, आणि ते तीन आठवडे फार सुखाचे गेले हेही कबूल करतो.

केलं काय, तर माझी आई मंडईत जे करायची तेच. ती पालेभाजीच्या काड्या सुट्या विकत नसे, जुडी बांधून ठेवत असे. मीही सहा चिठ्ठ्यांची एक जुडी बांधली आणि तिला एक नाव दिलं. यापुढे डब्यावर सहा नावं नकोत, जुडीचं एक नाव पुरे. आत काय आहे ते जुडीला माहीत. मूळ क्लासने एकदा सांगितलं की त्याच्यापासून निघालेल्यांनी पुन्हा सांगायचं कारण नाही. आणि उजवीकडे तर काहीच लिहायचं नाही. डावीकडे वाचून उजवीकडचं कंपायलर आपलं आपण ओळखतो. ही सोय त्या भाषेत कित्येक वर्षं होती. आमच्या प्रोजेक्टवर तिच्यावर विश्वास ठेवायची कुणाची तयारी नव्हती, निदान मला तसं वाटलं. फायली उघडून बघावं तर जिथे आधी कंसांचं जंगल होतं तिथे स्वच्छ ओळी. नवी पॉलिसी आणायची म्हणजे एक जुडी लिहायची, बाकी सगळं आपोआप.

त्या तीन आठवड्यांत मॅडम एकदाच माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात चहाचा कप घेऊन.

‘काय करतोयस?’

‘सफाई,’ मी मान न वळवता म्हणालो.

‘अस्सं,’ असं म्हणून थोडा वेळ त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि जागेवर गेल्या. त्यांना त्यातलं काय कळणार, असं मी मनात म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. बाकी बऱ्याच गोष्टी सोयीने विसरलो, हे वाक्य मात्र शब्दन्‌शब्द आठवतं.

मग ती काचेची खोली. मी आधी जुनी फाइल दाखवली, सगळे हसले. मग नवी दाखवली. त्यांच्यासमोर एक पॉलिसी उभी करून दाखवली, अर्ध्या तासात. आमचे मॅनेजर पुढे सरकून बसले. त्यांना कंसांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, ‘म्हणजे या कामाला आता माणसं किती लागतील?’

मी या प्रश्नासाठी तयार नव्हतो, पण उत्तर द्यायला मला क्षणही लागला नाही. ‘माणूस लागणारच नाही,’ मी म्हणालो. मोठ्याने, ऐटीत. तेव्हा टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबल्यावर टेबलाच्या टोकाकडून मॅडमनी विचारलं, ‘ग्रुप पॉलिसीचं काय?’

‘त्याही बसतात, मॅडम. सगळ्या बसतात.’

‘तपासलंस?’

‘डिझाइनच तसं आहे,’ मी म्हणालो, आणि दोघेतिघे माझ्याकडे बघून गालात हसले. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. ‘छान केलंस,’ त्या म्हणाल्या. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

पुढचं सगळं रीतसर झालं. आमच्याकडे कुणाला काढत नाहीत, ‘रिलीज’ करतात. प्रोजेक्टवरून मोकळं झालेलं माणूस बेंचवर जातं, आणि साठ दिवसांत कंपनीतच दुसरं प्रोजेक्ट शोधायचं असतं. नाही मिळालं तर राजीनामा मागून घेतात. मॅडमचं वय पन्नासच्या पुढे, सतरा वर्षं एकच काम केलेलं. त्यांच्या मुलाखती घ्यायला बसलेली पोरं त्यांच्यापेक्षा वीस-वीस वर्षांनी लहान. तरी एका प्रोजेक्टने त्यांना हो म्हटलं. तिथली वेळ दुपारी दोन ते रात्री अकरा होती.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘पाच मिनिटं खाली येतोस?’ कँटीनच्या मागे झाडं लावलेली आहेत तिथे आम्ही उभे राहिलो. सतरा वर्षांत त्यांनी ऑफिसात घरचा विषय काढला नव्हता. त्या दिवशी काढला, तोही एखादी अडचण कळवावी तसा, आवाज न चढवता.

‘माझे वडील माझ्याकडे असतात. आम्ही दोघंच. शाळेत शिक्षक होते ते. आता त्यांना काही आठवत नाही. दिवसा ठीक असतं, मावशी असतात सांभाळायला. मावशी साडेसहाला जातात, त्यांनाही त्यांचं घर आहे. आणि अंधार पडायला लागला की बाबा चपला घालतात आणि सायकल शोधायला निघतात. शाळा सुटली, घरी जायचंय म्हणतात. दोनदा कर्वे रस्त्यापर्यंत गेले होते. तेव्हा साडेसहाला मी घरात हवी. माझं एवढंच आहे.’

मी काहीतरी पुटपुटलो.

‘तुझ्या त्या नव्या कामाचं टेस्टिंग कुणाला तरी करावंच लागेल. मी करीन. सगळ्या पॉलिसी मला तोंडपाठ आहेत. फक्त सव्वापाचची बस सांभाळून. तू वर एक वाक्य टाक, की माणूस लागेल.’

एक वाक्य. त्या दिवसांत माझ्या शब्दाला एवढं वजन होतं की ते पुरलं असतं. मी मॅनेजरकडे गेलोही. दार ठोठावलं, बसलो, आणि म्हणालो, ‘टेस्टिंगला मॅडमना ठेवता येईल का, असा एक विचार होता.’ मॅनेजरनी लॅपटॉपवरून डोळे उचलले. ‘पण तूच म्हणालास ना, माणूस लागणार नाही म्हणून? मी तेच पुढे कळवलंय. आता लागेल म्हणालास तर तुझं काम अर्धवट आहे असं दिसेल. तुझ्या बढतीचा कागद माझ्याकडेच आहे, म्हणून सांगतो.’

मी ‘बरोबर आहे’ म्हणालो. दुसरं काही नाही, ‘बरोबर आहे’. आणि दार हळूच लावून बाहेर आलो, जणू काही आत कुणी झोपलं होतं. मॅडमना काय झालं ते सांगायलाही गेलो नाही. दोन दिवस त्यांच्या जागेवरून जायचं टाळलं, पाणी प्यायलाही लांबून वळसा घातला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला जिन्यात गाठलं. ‘राहू दे,’ त्या म्हणाल्या. ‘तोंड लपवू नकोस. बरं दिसत नाही.’

त्यांनी दुपारचं प्रोजेक्ट नाकारलं आणि राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी पँट्रीत केक कापला. मॅनेजर म्हणाले, त्यांच्या निष्ठेपासून आपण सगळ्यांनी शिकण्यासारखं आहे. मीही दोन वाक्यं बोललो, इतकी गुळगुळीत की माझ्या लक्षातही राहिली नाहीत. पाच वाजून पाच मिनिटांनी त्यांनी डबा पिशवीत टाकला. पट्टी कुठे गेली, मी पाहिलं नाही. ‘निघते हं.’

घरी मी हे आईला सांगितलं, म्हणजे मला हवं तसं सांगितलं: बढती मिळाली, पण एका बाईंना जावं लागलं, वाईट वाटतं. आमच्या घरामागची जमीन केव्हाच सोसायट्यांखाली गेली, आईची मंडई सुटली, तरी तिची बोलायची तऱ्हा तीच आहे. ती गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

‘तुला कुणी सांगितलं व्हतं का ते काम करायला?’

‘नाही. मीच केलं.’

‘कुणाचं अडलं व्हतं?’

‘नाही गं. पण चांगलं काम होतं ते. नीटनेटकं.’

‘मग त्या बाईला इचारलं व्हतं का आधी? तिचंच हाय ना ते काम?’

मला राग आला. तुला यातलं कळत नाही, असं मी आईला म्हणालो. ती शेंगा मोडत राहिली, आणि मी माझ्या खोलीत जाऊन उगाच लॅपटॉप उघडून बसलो.

पाचेक महिन्यांनी ग्राहकाने नवी पॉलिसी पाठवली. ग्रुप पॉलिसी. एका कारखान्याने आपल्या सगळ्या कामगारांसाठी एकत्र घेतलेली. माझी जुडी तयारच होती, अर्ध्या तासात काम झालं, मी ते पाठवूनही दिलं. आठवड्याने ग्राहकाकडून परत आलं. त्यांच्या चाचणीत प्रत्येक कामगाराच्या नावे पत्र निघालं होतं, की सबंध पॉलिसीचे मालक आपणच आहात. मी जुडी बांधताना धरून चाललो होतो की पॉलिसी घेणारा आणि जिचा विमा उतरवला ती व्यक्ती एकच. ग्रुप पॉलिसीत घेणारा कारखाना आणि विमा कामगारांचा. ‘तपासलंस?’ असं मला एका माणसाने विचारलं होतं, आणि मी दोघातिघांना हसवलं होतं.

सगळं उलटंपालटं करावं लागणार होतं. पूर्वी ग्रुप पॉलिसी कशा हाताळल्या ते बघायला मी प्रोग्रामचा जुना इतिहास उकरायला घेतला. आमच्याकडे कुणी काही नवं करून बघायचं असलं की मूळ प्रोग्रामची वेगळी प्रत काढून त्यात करतं. तिला ब्रँच म्हणतात. जमलं तर मुळात मिसळायची, नाही तर तशीच पडून राहते. कुणी ढुंकून न पाहिलेल्या अशा ब्रँचच्या ढिगात मला एक मॅडमच्या नावाची दिसली.

उघडली, तर आत माझी जुडी होती.

माझी कशाने म्हणायची? सहा नावांचं एक नाव, मूळ क्लासमध्ये एकदाच जाहीर केलेलं, उजवी बाजू मोकळी. तेच सगळं, आणि माझ्याहून साधं. पॉलिसी घेणारा आणि विमा उतरवलेली व्यक्ती त्यांनी पहिल्यापासून वेगळे ठेवले होते, ग्रुपसाठी वेगळं काही करायची गरजच नव्हती. मी तीन आठवडे घासून जे केलं, ते त्यांनी किती दिवसांत केलं असेल कोण जाणे. मी माझ्या खुर्चीत बसल्या बसल्या लाजेने भाजून निघालो.

शेवटी त्यांनी स्वतःसाठीच लिहून ठेवलेली एक टीप होती. इंग्रजीत होती, मराठीत सांगतो: ‘हे चालतं. ग्रुपसकट तपासलं. पण या कामावर आज चार जण आहेत आणि त्यातले दोघे अजून पक्के झालेले नाहीत. हे मुळात घातलं तर काम उरणार नाही आणि त्या दोघांना घरी पाठवतील. सध्या राहू दे.’

खाली तारीख होती. शेजारच्या प्रोजेक्टमधल्या मुलांना एकेक करून खाली बोलावत होते, त्या आठवड्यातली. त्या दोघांपैकी एक मी होतो. माझी हुशारी कुणाच्याही नजरेत भरली नव्हती. मला एका बाईने डावीकडे सहा आणि उजवीकडे सहा लिहायला देऊन नोकरीत ठेवलं होतं, स्वतःकडे सुटकेची वाट तयार असताना. पुढे सगळे गेल्यावर ती वाट त्यांनी आपल्यापुरतीही उघडली नाही, कारण आता ती त्यांच्यासाठीच दाराबाहेर जात होती.

त्यांच्या ओळी मी उचलून माझ्या कामात घातल्या. दोन दिवसांत ग्रुप पॉलिसी सुरळीत झाली. जो मुळात मिसळतो त्याचं नाव लागतं, तसं माझं लागलं. ग्राहकाचं आभाराचं पत्र माझ्याच नावाने आलं. ते मी कुणाला वाचून दाखवलं नाही, पण पुसूनही टाकलं नाही.

मग एका संध्याकाळी, पावणेसहाच्या सुमाराला, जिन्यात उभं राहून त्यांना फोन लावला.

‘बोल,’ त्या म्हणाल्या. ‘ग्रुपचं अडलं ना?’

‘तुमची जुनी ब्रँच सापडली, मॅडम.’

‘अजून आहे ती? मला वाटलं, कुणी पुसली असेल एव्हाना.’

‘तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात? मी तिथे मिरवत होतो, तेव्हा. हे मी आधीच केलंय, एवढं तरी म्हणायचंत.’

‘म्हणून काय झालं असतं? टाळ्या मला मिळाल्या असत्या. काम तर गेलंच असतं.’

‘त्या टिपेतल्या दोघांत मी होतो.’

‘माहितीये. मीच मोजले होते.’

‘मला माफ करा, मॅडम.’

‘अरे, तू काही मुद्दाम नाही केलंस,’ त्या म्हणाल्या, त्याच कोरड्या आवाजात. ‘मुद्दाम केलं असतंस तर आधी येऊन विचारलं तरी असतंस.’

आईने हेच विचारलं होतं आणि तिला मी गप्प केलं होतं. काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, ‘बाबांजवळ मावशी आहेत ना आत्ता?’

‘नाहीत. मीच दिवसभर घरी म्हटल्यावर मावशींना काय सांगणार? गेल्या महिन्यात त्यांना नको म्हटलं. नऊ वर्षं होत्या आमच्याकडे.’ मग त्यांनी विचारलं, ‘आता डिक्लेरेशनला कोण असतं रे?’

मी तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, सायकल कुठे लावलीये माझी, आणि मॅडम फोन तसाच ठेवून उठल्या. दाराची कडी वाजली. ‘बाबा, थांबा. अहो, उलट्या घातल्यात चपला. बसा, मी घालून देते.’ त्या फोन बंद करायला विसरल्या होत्या. मीही तो बंद केला नाही, कानाला धरून जिन्यात उभा राहिलो. त्या परत येऊन तोच प्रश्न विचारतील म्हणून मला भीती वाटत होती, कारण त्याचं उत्तर मी काचेच्या खोलीत त्यांच्यासमोरच एकदा देऊन बसलो होतो.